धवळ्यापासून ध्वनिप्रवाहापर्यंत : नवी मुंबईच्या परिसरातील गीतव्यवहार

१

इ. स. १९७० च्या मार्च महिन्यात सिडको ही संस्था स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांची जमीन नव्या शहराकरिता संपादन होऊ लागली. ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेकडील ही भूमी भातशेतीची, मिठागरांची आणि मासेमारीची. मिठाच्या आगरावर काम करणारा तो आगरी, अशी या जातिनामाची व्युत्पत्ती सामान्यतः सांगितली जाते. या भूसंपादनाचा इतिहास, १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात झालेले शेतकऱ्यांचे आंदोलन, त्यात गोळीबाराला बळी पडलेले पाच जण, दि. बा. पाटील यांचे नेतृत्व आणि त्यातून पुढे आलेली साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना, हा सर्व वृत्तांत बराच लिहिला गेला आहे. त्याच गावांतील गीतांचा व्यवहार या काळात कसा पालटला, या प्रश्नाकडे मात्र तितके लक्ष गेलेले दिसत नाही.

हा प्रश्न केवळ स्थानिक कुतूहलाचा नाही. संगणकीय तंत्राने संगीताच्या व्यापारात जे स्थित्यंतर घडविले, त्याची दोन्ही टोके या एकाच परिसरात आढळतात. कोपरखैरणे येथील धीरूभाई अंबानी नॉलेज सिटी आणि घणसोली येथील रिलायन्स कॉर्पोरेट पार्क यांतून भारतातील भ्रमणध्वनीच्या व्यवसायाची सूत्रे हलली. ऐरोली, महापे व पनवेल येथे विदासंचयाची मोठमोठी केंद्रे उभी राहिली. आणि याच केंद्रांच्या भिंतींना लागून असलेल्या गावठाणांत लग्नाची हळद लागली की आजही गाणे उभे राहते. एका टोकास गीताची साठवण आणि वाटप करणारी यंत्रणा, दुसऱ्या टोकास गीत निर्माण करणारा समाज. या दोहोंमधील संबंध कोणत्या क्रमाने घडत आला, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

आगरी समाजाच्या विवाहविधीत गायिल्या जाणाऱ्या गीतांना धवले म्हणतात आणि ती गाणाऱ्या स्त्रीला धवलारीण. ही स्त्री केवळ गायिका नव्हे. विधीचा क्रम तिच्या मुखात असतो. कोणत्या कृत्याच्या वेळी कोणते गीत म्हणावयाचे हे तीच जाणते, आणि पूर्वी लग्न लावण्याचे कामही तिच्याकडेच असे. गीत हे येथे विधीचे अंग आहे, त्यामुळे ते विधीवाचून म्हणण्याचे प्रयोजन नाही.

या शब्दाचा इतिहास दीर्घ आहे. शार्ङ्गदेवाच्या संगीतरत्नाकरात धवल नावाच्या प्रबंधाचा उल्लेख येतो. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महदाइसेने रचलेले धवळे हे मराठीतील आद्य स्त्रीकाव्य मानले जाते आणि त्याचाही विषय विवाह, रुक्मिणीचा, हाच आहे. प्रमाण मराठीतील 'धवळा' आणि आगरी बोलीतील 'धवला' यांतील भेद केवळ वर्णांचा आहे. उत्तर कोकणातील बोलींत मूर्धन्य ळ आणि ण यांचे स्थान दंत्य ल आणि न हे घेतात, त्यामुळे डोळ्याचा डोला होतो आणि पाण्याचे पानी. ग्रिअर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात ही लक्षणे नोंदविली आहेत. एकाच गीतप्रकाराची एक शाखा ग्रंथात शिरली आणि तिला कर्तीचे नाव लाभले. दुसरी मुखपरंपरेत राहिली आणि तिला कर्ता उरला नाही. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरणार आहे.

३

ध्वनिमुद्रणाने गीताला प्रथमच वस्तूचे रूप दिले. ग्रामोफोन कंपनीच्या वतीने फ्रेडरिक गैसबर्ग १९०२ साली कलकत्त्यास आला आणि भारतातील व्यापारी ध्वनिमुद्रणास आरंभ झाला. प्रारंभी येथे मुद्रित केलेल्या ध्वनींच्या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापल्या जात. १९०८ मध्ये कलकत्त्यास कारखाना निघाल्यानंतर ही परावलंबिता संपली. गाणे संपताच गायिकेने आपले नाव उच्चारावे, अशी त्या काळी चाल पडली होती. गौहरजानच्या तबकड्यांवरील तिचा नामोच्चार प्रसिद्धच आहे. परदेशातील कारागिरांना तबकडी ओळखता यावी, हे त्याचे साधे व्यावहारिक कारण होते. तथापि त्यातून एक नवा दंडक निर्माण झाला : वस्तू झालेल्या गीताला नाव हवे, आणि नाव असेल त्याचे ते गीत.

दुसरा दंडक कालमर्यादेचा. लाखेच्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन ते साडेतीन मिनिटांचे गायन मावे. ख्यालाच्या गायकाला आपला विस्तार आवरावा लागला, नाट्यपदे आटोपशीर झाली, आणि १९३० नंतरच्या मराठी भावगीताला तर हेच परिमाण सहज मानवले. मुंबईस २३ जुलै १९२७ रोजी नभोवाणी केंद्राचे उद्घाटन झाले होते. तबकडी आणि नभोवाणी या दोहोंच्या आश्रयाने मध्यमवर्गीय मराठी गीत वाढले. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ साली प्रसृत झालेल्या ५६ गीतांच्या गीतरामायणाने त्याचे सामर्थ्य सिद्ध केले. रात्रभर चालणाऱ्या धवल्यांना मात्र त्या तीन मिनिटांत स्थान नव्हते.

कोळीगीत तबकडीवर आले, पण वेगळ्या वाटेने. शांता शेळके यांनी लिहिलेली आणि हृदयनाथ मंगेशकर यांनी स्वरबद्ध केलेली कोळीगीते लोकप्रिय झाली. त्यांत बोलीची लकब आहे, दर्याचे वातावरण आहे. परंतु कवयित्री, संगीतकार, गायक आणि कंपनी ही सर्व नावे निश्चित आहेत. समाजाची बोली उसनी घेऊन नागर कलावंताने केलेली ती स्वतंत्र निर्मिती होय. तिच्या गुणवत्तेविषयी वाद नाही. लोकगीत व्यापारात यावयाचे तर ते प्रथम नामांकित कर्त्याच्या हातून यावे लागे, एवढेच येथे लक्षात घ्यावयाचे आहे.

४

हे बंधन सैल केले ते कॅसेटने. फिलिप्स कंपनीने १९६३ साली ही छोटी फीत बाजारात आणली. भारतात तिचा खरा प्रसार १९८० नंतरच्या दशकात झाला. तबकडी छापण्यास कारखाना लागे, कॅसेटच्या प्रती काढण्यास एक खोली पुरे. ग्रामोफोन कंपनीची जवळजवळ मक्तेदारी मोडली. दिल्लीची टी-सीरीज, मुंबईची व्हीनस, पुण्याची अलूरकर म्युझिक हाउस अशा लहानमोठ्या संस्था पुढे आल्या. भीमगीते, पोवाडे, लावण्या, भजने यांना स्वतंत्र गिऱ्हाईक मिळाले. वेसाव्याच्या 'वेसावकर आणि मंडळी' या संचाने कोळी समाजाचे गाणे त्या समाजातील गायकांच्याच आवाजात घरोघर पोहोचविले. बँजोच्या ठेक्यावरील हळदीचे गाणे ही याच काळातील रूढी.

कॅसेटच्या व्यापारास कायद्यातील एका तरतुदीचाही आधार मिळाला. १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमाच्या कलम ५२ मधील एका उपकलमान्वये, ठराविक स्वामित्वधन भरून जुन्या गीताचे नव्या गायकाकडून पुनर्मुद्रण करता येत असे. या सवलतीने स्वस्त आवृत्त्यांचा पूर आला आणि चोरट्या प्रतींचाही. ज्या गीतांना मुळात कर्ताच नव्हता, त्यांच्या बाबतीत तर स्वामित्वधन भरण्याचाही प्रश्न नव्हता. कॅसेटच्या वेष्टनावर 'पारंपरिक' हा एक शब्द छापला की काम भागे. हा शब्द आदराचा वाटतो; व्यवहारात त्याचा अर्थ 'कोणासही काही देणे नाही' असा होता.

५

संगणकीय तंत्राचा पहिला आघात वस्तूवरच झाला. ध्वनी अंकांत रूपांतरित झाला, एमपीथ्री या पद्धतीने त्याचा आकार लहान झाला, आणि १९९९ साली नॅपस्टरमुळे तो विनामूल्य हातोहात फिरू लागला. त्याच वर्षी शिखरास पोहोचलेले जगातील ध्वनिमुद्रण व्यवसायाचे उत्पन्न पुढे दीड दशक घटत गेले. भारतात या घसरणीस काही काळ एका विलक्षण साधनाने टेकू दिला. ते साधन म्हणजे कॉलर ट्यून. २००२ च्या डिसेंबरात रिलायन्सने स्वस्त भ्रमणध्वनीची योजना सुरू केली आणि कोपरखैरणे हे तिचे केंद्र झाले. पुढे दोनतीन वर्षांतच निरनिराळ्या कंपन्यांच्या ग्राहकांना आपल्या आवडीच्या गीताचा तुकडा मासिक शुल्क देऊन दुसऱ्याच्या कानी घालता येऊ लागला. श्रोता स्वतः जे ऐकत नाही त्यासाठी तो पैसे भरतो, असा हा संगीताच्या इतिहासातील अपूर्व प्रकार होता. भारतीय ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या अंकीय उत्पन्नाचा मोठा भाग कित्येक वर्षे त्यातून येत असे. अशा सेवा ग्राहकाच्या स्पष्ट संमतीवाचून त्याच्या माथी मारल्या जातात, अशा तक्रारी वाढल्यावर दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०११ व २०१३ मध्ये दुहेरी संमतीचे निर्बंध घातले आणि हे उत्पन्न वेगाने ओसरले.

दुसरा आघात ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओच्या आरंभाने झाला. प्रारंभीचे कित्येक महिने आंतरजालाचा वापर विनामूल्य, पुढेही अत्यल्प दरात. श्रोत्याला गीत साठवून ठेवण्याची गरज उरली नाही. हवे तेव्हा दूरच्या संचयातून ते प्रवाहरूपाने कानी येऊ लागले. यासच व्यवहारात स्ट्रीमिंग म्हणतात. २०१८ साली जिओची संगीतसेवा आणि २००७ पासून चालत आलेली सावन ही सेवा एकत्र येऊन जिओसावन निर्माण झाली. २०१९ च्या फेब्रुवारीत स्पॉटिफाय भारतात आली. काही सेवा वाढल्या, काही मिटल्या. एअरटेलची विंक ही सेवा २०२४ मध्ये बंद झाली. जागतिक पातळीवर अंकीय उत्पन्नाने २०१५ साली प्रथमच तबकड्यांच्या उत्पन्नास मागे टाकले, आणि २०२४ मध्ये २९.६ अब्ज डॉलर उत्पन्नापैकी ६९ टक्के वाटा एकट्या स्ट्रीमिंगचा होता. व्यवसाय मेला नाही. विक्रीची वस्तू मात्र बदलली. पूर्वी प्रत विकली जाई, आता श्रवण मोजले जाते.

६

या मोजणीचे स्वरूप नीट समजून घेणे अवश्य आहे. ग्राहकांच्या वर्गणीचे व जाहिरातींचे उत्पन्न एका सामाईक निधीत जमा होते आणि एकूण श्रवणसंख्येत ज्याचा जितका वाटा, त्या प्रमाणात ते वाटले जाते. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकले गेल्यावाचून श्रवण मोजले जात नाही. त्यामुळे गीताचा प्रारंभिक वाद्यमेळ आखडला आणि ध्रुवपद पुढे सरकले. लाखेच्या तबकडीने गीताचा शेवट ठरविला होता, नव्या यंत्रणेने त्याचा आरंभ ठरविला, असे म्हणता येईल. २०२४ पासून ज्या मुद्रणाचे मागील १२ महिन्यांत १,००० हून कमी श्रवण झाले, त्यास मुद्रणाचे स्वामित्वधन देणे त्या सेवेने बंद केले. यूट्यूबने २०१८ पासून जाहिरातीच्या उत्पन्नात सहभागी होण्यासाठी १,००० सदस्य आणि वर्षातील ४,००० तासांचे अवलोकन अशी अट घातली होती.

या अटींकडे दोन दृष्टींनी पाहता येते. घणसोली, दिवाळे, करावे किंवा उरणच्या एखाद्या गावातील तरुण आज स्वतः गीत रचतो, मित्राच्या खोलीत मुद्रित करतो, खाडीवर चित्रीकरण करतो आणि कोणाही कंपनीच्या दारी न जाता ते प्रसिद्ध करतो. आगरी-कोळी गीतांना यूट्यूबवर जो मोठा श्रोतृवर्ग लाभला आहे, त्याचे श्रेय या मुक्त द्वाराला आहे; हळदीच्या गाण्यांना तर एक अट ओलांडणे जड जात नाही. ग्रामोफोन कंपनीच्या काळात हे अशक्य होते आणि कॅसेटच्या काळात दुर्घट. हा लाभ मान्य केलाच पाहिजे. परंतु धवलारणीच्या दीर्घ, संथ, वाद्यरहित गायनास १,००० श्रवणांचा उंबरठा क्वचितच ओलांडता येईल. जे ठेक्यावर नाचविता येते ते तरते. जे विधीतच अर्थपूर्ण असते ते मोजणीच्या बाहेर राहते.

७

आता स्वामित्वाचा प्रश्न. भारतीय कायद्यात या बाबतीत हळूहळू पण निश्चित प्रगती झाली आहे. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही गीतकार-संगीतकारांची संस्था १९६९ साली स्थापन झाली. परंतु १९७७ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने चित्रपटासाठी मोबदला देऊन करविलेल्या रचनेचा प्रथम स्वामी निर्माता ठरला. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांना स्वामित्वधनातील समान वाटा मिळवून दिला आणि तो वारस किंवा स्वामित्वहक्क संस्था यांखेरीज अन्य कोणास सोडून देता येणार नाही, असे ठरविले. १९९४ च्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्यासही, म्हणजे गाणाऱ्यासही, हक्क दिला होता. धवलारणीच्या गायनाचे मुद्रण झाले तर त्या गायनापुरता हक्क तिला आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. लोककलेचा प्रयोग करणाऱ्यांनाही प्रयोगकर्ते मानणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात भारत २०१८ साली सामील झाला.

तथापि हक्क कायद्यात असणे आणि तो नोंदीत उतरणे यांत अंतर आहे. परंपरागत धवल्याचे शब्द व चाल सर्वांची. पण त्यावर केलेले नवे संस्करण संस्कर्त्याचे आणि त्याचे मुद्रण मुद्रकाचे. अंकीय बाजारात प्रत्येक मुद्रणास १२ अक्षरांकांचा एक संकेत मिळतो आणि त्यापुढे स्वामी म्हणून एक नाव लागते. यूट्यूबवर २००७ पासून चालू असलेली स्वयंचलित ओळखीची यंत्रणा नोंदलेल्या ध्वनीशी नव्या ध्वनीची तुलना करते आणि साम्य आढळल्यास नोंद करणाऱ्यास उत्पन्न घेण्याचा किंवा ते गीत रोखण्याचा पर्याय देते. अशा स्थितीत ज्याने प्रथम नोंदविले त्याने परंपरेवर दावा सांगावा आणि जिच्या आजीपासून ते गीत चालत आले तिच्या नातवाचे चलच्चित्र रोखले जावे, ही गोष्ट असंभाव्य नाही. जमिनीच्या व्यवहारात सातबाऱ्यावर नाव नसलेल्या कुळाची आणि मिठागरावरील मजुराची जी अवस्था झाली, तिच्याशी हे साम्य नजरेआड करता येत नाही. गीताला सातबारा नसतो. जेथे नोंदवहीच निर्णायक ठरते तेथे हा त्याचा दोष होऊन बसतो.

८

नोंदीचा प्रश्न अखेर भाषेपाशी येतो. या संचयांत मराठी गीतांची नावे बहुधा रोमन लिपीत नोंदविली जातात. रोमन लिपीच्या रूढ लेखनात ळ आणि ल, ण आणि न यांचा भेद राहत नाही. परिणामी 'पाणी' आणि 'पानी', 'धवळा' आणि 'धवला' ही एकरूप होतात आणि प्रमाण भाषा व बोली यांना विभागणारी रेषाच पुसली जाते. उलटपक्षी एकाच शब्दाची तीनचार रोमन रूपे झाल्याने एकच गीत निरनिराळ्या नावांखाली विखुरते. वर्गीकरणात भाषा या रकान्यात 'मराठी' एवढेच येते. आगरी, कोळी, मालवणी किंवा वऱ्हाडी यांसाठी जागा नसते. ग्रिअर्सनच्या सर्वेक्षणात ज्या बोलीस स्वतंत्र नमुना मिळाला होता, तिला शतकानंतरच्या अधिक समर्थ यंत्रणेत नावही असू नये, हा इतिहासाचा विपर्यास म्हणावा लागेल.

मुद्रणाचे उत्पन्न अनिश्चित झाल्यामुळे व्यवसायाचा भार प्रत्यक्ष मैफलीकडे सरकला आहे आणि त्याचेही दर्शन याच शहरात घडते. नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडागारात २०१७ मध्ये जस्टिन बीबर, २०१९ मध्ये यू-टू आणि २०२५ च्या जानेवारीत १८, १९ व २१ या तारखांना कोल्डप्ले यांचे कार्यक्रम झाले. तेथे जे विकले गेले ते सान्निध्य. ज्याची प्रत निघत नाही तेच मौल्यवान, हे नव्या बाजाराने पुन्हा मान्य केले आहे. धवला तर आरंभापासून असाच, स्थळ, काळ आणि व्यक्ती यांना बांधलेला आहे; मात्र त्याच्या सान्निध्याचे मोल अद्याप कोणी केलेले नाही.

९

उपरिनिर्दिष्ट विवेचनावरून असे दिसते की, प्रत्येक तंत्राने गीताच्या प्रसाराबरोबर गीत म्हणजे काय आणि ते कोणाचे, याचीही व्याख्या बदलली. तबकडीने नाव मागितले, कॅसेटने नावाशिवाय व्यापार केला, आणि अंकीय यंत्रणा नाव नव्हे तर नोंद मागते. या तिसऱ्या अवस्थेत आगरी-कोळी समाजाला आजवर न मिळालेली प्रकाशनाची सोय मिळाली. त्याचबरोबर त्याचे सामूहिक धन एकेकट्या नोंदीत विभागले जाण्याचा धोकाही निर्माण झाला.

यावरील उपाय मोठ्या खर्चाचा नाही. गावोगावच्या धवलारणींचे गायन त्यांच्या लेखी संमतीने, संपूर्ण विधीक्रमासह मुद्रित करणे. गायिका, गाव, दिनांक आणि गीत कोणाकडून शिकले त्या व्यक्तीचे नाव यांची नोंद करणे. पाठ बोलीच्या उच्चारास अनुसरून देवनागरीत लिहिणे. आणि हा संग्रह विद्यापीठाच्या स्वाधीन सार्वजनिक ठेवणे, एवढे झाले तरी पुढे कोणी परंपरेवर एकट्याचा दावा सांगू लागल्यास त्यापूर्वीचा दिनांकित पुरावा हाती राहील. भाषाशास्त्र, इतिहास व लोकसाहित्य या तिन्ही विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हे काम एकत्र करता येण्याजोगे आहे. ज्या स्त्रियांना संपूर्ण विधी मुखोद्गत आहे त्या बहुतेक वृद्ध आहेत, आणि त्यांच्या सुना-नातींच्या लग्नांत विधीची जागा ध्वनिवर्धकाने घेतली आहे. जमिनीची मोजणी झाली तेव्हा गावकऱ्यांना तिचे परिणाम उशिरा कळले. गीतांची मोजणी सध्या चालू आहे, आणि ती पुरी होण्यापूर्वी दुसरी एक नोंद सिद्ध असणे इष्ट आहे.